अण्णांची उधारीची वही

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)



मागच्या भागानंतर बरेच निरोप आले. शब्द निरनिराळे, पण प्रश्न साधारण एकच. घर आहे, नोकरी आहे, म्हाताऱ्या माणसांची औषधं आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत; या सगळ्यात माणसाला जाग यायची कशी? एका ताईंनी तर सरळ विचारलं, "घरातलं माणूस गेल्यापासून देवापुढे दिवा लावते, पण हात जोडावेसे वाटत नाहीत. माझं काय?"

या प्रश्नाला उत्तर देणारी मी कोण? आपल्याकडे अध्यात्मात 'अधिकारी' हा मोठा शब्द आहे. मीसुद्धा अधिकारीच आहे, पण पुण्यातल्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी. हप्ते थकलेल्या कर्जदारांना फोन करणं हे माझं काम. त्यामुळे आज प्रवचन नाही. माझे वडील गेले, त्यानंतर काय काय झालं तेवढं सांगते. त्यात तुकोबा येतील, कारण त्यांच्याशिवाय मला त्यातलं काही समजलंच नसतं.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. वडिलांचं किराणा दुकान. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून आम्हीही अण्णाच. दुकान आजोबांनी काढलेलं. १९७२ च्या दुष्काळात गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जात होती, तेव्हा अण्णा विशीचे होते आणि नुकतेच गल्ल्यावर बसायला लागले होते. त्या साली वाटलेली सुकडी, लाल मिलो, कामावरच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली माणसं, हे त्यांच्या बोलण्यात कायम यायचं. "त्या साली मी माणूस वाचायला शिकलो," असं म्हणायचे. म्हणजे नेमकं काय शिकलो, ते कधी सांगितलं नाही.

माझी ही नोकरी त्यांना फारशी आवडली नव्हती. एकदा सुट्टीत घरी गेले असताना ऑफिसमधून निरोप आला, म्हणून दुकानाच्या ओट्यावर उभी राहून मी एका कर्जदाराशी फोनवर बोलले. आवाज चढवला नाही, सगळं नियमात राहून बोलले. फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "सगळं विचारलंस. जेवलाय का, तेवढं विचारलं नाहीस."

मी हसले. म्हटलं, "अण्णा, दिवसाला साठ फोन असतात."

ते काही बोलले नाहीत. गुळाच्या ढेपेवरचं बारदान सारखं करत राहिले.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. एप्रिल महिना होता. मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला, तेव्हा मी बैठकीत होते. "अण्णा, नंतर करते," म्हटलं आणि ठेवला. संध्याकाळी विसरले. बुधवारी पहाटे पाच वाजता दादाचा फोन आला.

अण्णांनी कशासाठी फोन केला होता, ते आईलाही माहीत नाही. कैऱ्या पाठवू का, असलंच काहीतरी असेल. पण ते मला आता कधीच कळणार नाही, आणि सुरुवातीच्या दिवसांत मी दुसरा विचारच करत नव्हते. लोक येऊन बसत होते. "वय झालं होतं", "अंथरुणाला खिळले नाहीत, सुटले", "देवमाणूस होता". मला प्रत्येकाचा राग येत होता. आत कुठेतरी वाटत होतं की, तुमचं काय जातंय बोलायला, बाप माझा गेलाय.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारून पिठलं-भाकरी येते. कडू घास म्हणतात त्याला. ती भाकरी शेजारच्या काकूंनी आणली होती. त्यांनी एक शब्द सांत्वनाचा काढला नाही. मी घास घेईपर्यंत समोर बसल्या आणि मग ताट उचलून गेल्या. एवढीच एक गोष्ट त्या दिवसातली मला सहन झाली.

नवव्या दिवशी दुपारी अण्णांचा मोबाइल वाजला. मीच उचलला. दुकानातल्या फ्रीजसाठी अण्णांच्या नावावर छोटं कर्ज होतं, त्या वित्तसंस्थेतून एक मुलगी बोलत होती. हप्ता थकला होता. मी म्हटलं, "ते वारले. आज नववा दिवस आहे." पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "ऐकून वाईट वाटलं मॅडम. मग हप्ता साधारण किती तारखेपर्यंत भराल?"

मंडळी, हे वाक्य मी ओळखत होते. नवीन पोरं कामाला लागली की मी त्यांना हेच शिकवते. आधी सहानुभूतीचं एक वाक्य, मग लगेच तारीख. मधे थांबायचं नाही, थांबलं की समोरचा रडायला लागतो आणि पाच मिनिटं जातात.

मला त्या मुलीचा राग आला नाही. तिच्या आवाजात माझाच आवाज ऐकू आला. किती जणांना मी असं म्हटलं असेल? त्यातल्या कुणाचा नववा दिवस होता, कुणाचा तिसरा? एक जण म्हणाला होता, "आई जाऊन आठ दिवस झालेत मॅडम." मी त्याची तारीख लिहून घेतली होती. पंधरा तारीख. ती मला आठवत होती आणि त्याचं नाव आठवत नव्हतं.

जाग येणं म्हणतात ते हेच का, मला सांगता येणार नाही. प्रकाश दिसला नाही, शांत वाटलं नाही. उलट दोन रात्री झोप आली नाही.

तेरावा झाला. पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी रात्री दादाने लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. उधारीची वही. अण्णांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात अठ्ठावन्न खाती. दादाने बेरीज करून ठेवली होती, १ लाख ४२ हजार.

दादा काही लोभी माणूस नाही. पण दुकान आता पूर्वीसारखं चालत नाही. लोक मोबाइलवरून सामान मागवतात, बाजारच्या दिवशी करमाळ्याहून भरून आणतात. उधारीला मात्र आमच्याकडे येतात. पुतणी बारावीला, तिच्या क्लासची फी भरायची होती. तो म्हणाला, "उद्यापासून एकेकाकडे जाऊन येतो."

आणि मी, जिचं पोट वसुलीवर चालतं ती मी, एकदम उसळले. "अण्णांच्या मागे त्यांच्या नावाने वसुली करत फिरणार? सोडून देऊ. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, तशी ही वही सीनेत टाकू."

दादा शांतपणे म्हणाला, "तुझा महिन्याला पगार येतो. तुला टाकता येतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "निम्मी खाती तुझी, निम्मी माझी. तुझ्या निम्म्याचं काय करायचं ते तू कर. माझ्या निम्म्यात बोलू नकोस." त्याने वहीची शिवण सोडवली, एकोणतीस पानं मोजून माझ्यापुढे ठेवली आणि झोपायला गेला.

सकाळी उठून मी पानं घेतली आणि नदीवर गेले. आता ऐका गंमत. एप्रिल संपत आलेला. सीनेत टाचभरही पाणी नव्हतं. पात्रात नुसती वाळू, काठाला वेड्या बाभळी आणि मधे दोन शेळ्या. मी उधारी बुडवायला निघाले होते आणि नदीकडेच पाणी नव्हतं. तिथे वाळूत बसून मी पहिल्यांदा हसले आणि मग पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

तिथेच बसल्या बसल्या तुकोबांची गोष्ट पुन्हा आठवली. आपल्याला ती इतकी पाठ असते की आपण ती ऐकतच नाही. म्हणून जरा सावकाश सांगते.

तुकोबांचा जन्म साधारणपणे १६०८ चा मानतात. देहूत महाजनकी, दुकान, सावकारी असं बऱ्यापैकी चाललेलं घर. वडील बोल्होबा आणि आई कनकाई लागोपाठ गेले. थोरला भाऊ सावजी, त्याची बायको गेली आणि तो तीर्थाटनाला निघून गेला. संसार आणि धंदा मधल्या तुकोबांवर आला. मग १६३० चा पाऊस फसला. त्या दुष्काळाने गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे हाहाकार केला. बादशहाच्या दरबारी इतिहासात त्याचं वर्णन आहे, परदेशी प्रवाशांनीही लिहून ठेवलंय. तुकोबा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. धंद्याचं दिवाळं निघालं. पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतू गेला. हे कुणा चरित्रकाराने रंगवून सांगितलेलं नाही. पैसा, मान आणि बायको दुष्काळात कशी गेली, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितलं आहे.

पुढची गोष्ट परंपरेतली, महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या संतचरित्रात येते. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोचला. दोघं इंद्रायणीवर आले. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं तुकोबांनी मागवली आणि ती नदीत टाकायला निघाले. कान्होबाला संसार होता. म्हणून तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी कान्होबाच्या हातात दिली. उरलेली, स्वतःच्या वाटणीची, तेवढीच इंद्रायणीत सोडली.

लहानपणी कीर्तनात मी खतं बुडवल्याचं ऐकलं होतं. वाटणीचं ऐकलं असेन, पण लक्षात राहिलं नव्हतं. त्या दिवशी वाळूत बसून तेवढंच डोळ्यांपुढे येत होतं. ज्याला एवढी मोठी जाग आली, त्याने भावाच्या ताटातलं उचलून दान केलं नाही. आदल्या रात्री मी नेमकं तेच करायला निघाले होते. दादाच्या आणि वहिनीच्या पैशांनी मला मोठं व्हायचं होतं.

अजून एक. ती खतं कुणाची होती? त्याच दुष्काळातून वाचलेल्या माणसांची. ज्याच्या घरात धान्यावाचून माणूस गेलंय, त्याला खतावरचं नाव वाचताना त्या घरातली चूल दिसली नसेल का? तुकोबांची करुणा मला तिथे सुरू झालेली दिसते. ती दुःखावर मात करून आलेली नव्हती. दुःख तसंच होतं, आणि त्याच्यामुळेच दुसऱ्याचं घर दिसत होतं.

आणि जिजाबाई. तुकोबांची दुसरी बायको. आपण तिला कजाग ठरवून टाकलं. पण घरात लेकरं उपाशी असताना नवऱ्याने सगळं सोडलं, तर बाई बोलेल नाही तर काय करेल? तीच बाई भाकरी घेऊन डोंगर चढत होती, हेही परंपराच सांगते. मला आमच्या वहिनीची आठवण झाली. तेरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा तिने केला होता आणि मी भिंतीला टेकून शोक करत होते.

घरी आले तेव्हा आई जात्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारलं, "बुडवलीस?"

"नदीला पाणी नाही."

"असतं तरी काय उपयोग? तू बुडवलंस हे त्यांना कुठं कळणार होतं?"

मी बघतच राहिले. आईने हात पुसले, पानं मांडीवर घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळीशेजारी पेनाचं छोटं टिंब होतं. "हे बघ. आणि हे. हे पण." लिहिलेलं असायचं, 'दिवसाचा किराणा'. साखर, गूळ, तेल, तांदूळ, हरभऱ्याची डाळ. कुणाच्या तरी दहाव्याचं, तेराव्याचं सामान. माझ्या एकोणतीस पानांपैकी सतरा पानांवर ते टिंब होतं, आणि त्या पानांवरचा सगळ्यात मोठा आकडा तोच होता.

आई म्हणाली, "टिंब म्हणजे मागायचं नाही. मयताचं सामान तुझ्या बापाने कधी नाकारलं नाही आणि कधी मागितलं नाही."

मला भरून आलं. पण आईचं संपलं नव्हतं. "पण त्यानं ते कुणाला सांगितलं पण नाही. त्याला वाटायचं, मी मागत नाही म्हणजे झालं. माणसं लाजंनं दुकानासमोरून येईनाशी झाली, मागच्या बोळानं जायची. किती वर्षं बघतेय मी. मी म्हणायचे, एकदा बोलून टाका. तर म्हणायचे, बोललं की उपकार होतो."

मी वसुलीच्या धंद्यातली, मला कायदा माहीत आहे. १९६३ चा मुदतीचा कायदा आहे, त्यात अशा येण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. वहीतली बरीचशी रक्कम कायद्याने केव्हाच गेलेली होती. पण बोळातून जाणाऱ्या माणसाची मान मुदतीच्या कायद्याने वर होत नाही. अण्णांनी मनातल्या मनात सोडलेलं होतं, त्यानेही झाली नव्हती. कुणीतरी दारात जाऊन सांगायला हवं होतं.

म्हणून मी रजा वाढवली आणि पानं घेऊन निघाले.

पहिलं घर शिंपीकाकांचं. मला बघून ते गडबडले, मशिनवरून उठले, "ताई, या महिन्यात जरा..." म्हणायला लागले. मी पान पुढे केलं आणि म्हटलं, "काका, हे फाडायला आलेय." त्यांनी पान हातात घेतलं आणि वाचत बसले. त्यावर ओळीने लिहिलेलं होतं, साबुदाणा, ग्लुकोज पावडर, मऊ भाताचे तांदूळ, पुन्हा साबुदाणा. मग पंधरा दिवस काही नाही. मग टिंब असलेली ओळ. काका म्हणाले, "शेवटी तिला साबुदाण्याची पेजच जायची." काकी कशा गेल्या, हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पुण्यात होते आणि आईने फोनवर सांगितलं असेल, तर मी 'हो का, अरेरे' म्हटलं असेल. त्या दिवशी तासभर बसले. पान त्यांनी फाडलं नाही. घडी करून मशिनच्या खणात ठेवलं.

दुसऱ्या घरी मात्र माझा चांगलाच कान उपटला गेला. माझ्या वर्गातला मुलगा, आता बोअरच्या गाडीवर काम करतो. मी दारातच, चार माणसांसमोर म्हटलं, "तुझी उधारी सोडलीय रे." त्याचा चेहरा लाल झाला. "कुणी सांगितलं सोडायला? मी काय भीक मागितली? अण्णा असते तर असे बोलले असते का?" त्याचं खरं होतं. मला माझा चांगुलपणा सांगायची घाई झाली होती. त्याने अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. दुकानात येतो, दादाकडून सामान नेतो आणि रोख देऊन जातो.

तिसऱ्या घरापासून मी आधी बसायला शिकले. पाणी प्यायचं, अण्णांचं बोलणं निघू द्यायचं, मग त्यांच्या घरातलं कोण गेलं ते आपोआप निघायचं. कुणाचा मुलगा मोटरसायकलवर गेलेला, कुणाची सून बाळंतपणात, कुणाची तान्ही नात. वही शेवटी, उठायच्या वेळी.

असं चार दिवस फिरताना मला किसा गोतमीची गोष्ट आठवली. पाली अट्ठकथांमध्ये येते. श्रावस्तीची ही बाई. तिचं एकुलतं एक मूल गेलं. ती ते कडेवर घेऊन औषध मागत फिरू लागली. बुद्धांनी तिला सांगितलं, मोहरीचे दाणे घेऊन ये, मात्र ज्या घरात कधी कुणी मेलेलं नाही, अशाच घरातून आण. ती घरोघर फिरली. मोहरी प्रत्येक घरात होती. तसलं घर मात्र एकही नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिला समजलं, तिने मूल स्मशानात ठेवलं आणि ती बुद्धांकडे परत आली.

ही गोष्ट ऐकली की पूर्वी मला वाटायचं, यात कसलं सांत्वन? सगळ्यांचीच माणसं मरतात हे ऐकून माझं माणूस गेल्याचं दुःख कसं कमी होईल? तेराव्याला लोक तेच तर सांगतात आणि आपल्याला राग येतो. पण बुद्धांनी तिला ते वाक्य सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला घरोघर पाठवलं. प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपलं गेलेलं माणूस सांगितलं असणार आणि तिने ते ऐकलं असणार. ऐकता ऐकता तिच्या कडेवरचं ओझं तिला उतरवता आलं. माझ्या हातात तर घरांची यादीच होती. अण्णांनी टिंबं देऊन ठेवलेली.

शेवटचं घर वेशीजवळच्या आजींचं. ऐंशीच्या पुढचं वय, एकट्या राहतात. खात्यावर सहाशे चाळीस रुपये, टिंबासकट. मी सगळं नीट सांगितलं, बसून, हळू. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बापानं मागितलं न्हाय, ते त्याचं मोठंपण. पर माझ्या मालकाच्या तेराव्याचा गूळ फुकटचा कशापायी? त्यो मीच देणार. दर बाजाराला पन्नास."

मी म्हटलं, "आजी, राहू द्या की."

"तुला न्हाई, दुकानाला देते. तू घ्यायला शिक जरा."

मी ते पान दादाला परत दिलं.

आता ऑफिसचं. तिथे मी काही खतं बुडवू शकत नाही. पतसंस्थेतला पैसा माझा नाही. तो निवृत्त शिक्षकांच्या ठेवींचा आहे, मंडईतल्या मावशींच्या पिग्मीचा आहे. दुसऱ्याच्या वाटणीचं उदार होऊन सोडायचं नाही, हे तुकोबांनीच शिकवलं. वसुली मी आजही करते. बदललं ते थोडंच. समोरच्याने घरातलं कुणी गेल्याचं सांगितलं, तर त्या दिवशी तारीख मागायची नाही, हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगितलंय. कोण गेलं, कधी गेलं, घरात आता कोण आहे, एवढं विचारायचं आणि पंधरा दिवसांनी फोन करायचा. हप्ते कमी करून मुदत वाढवून देता येते, ती वाट नियमात आहे. पूर्वी ती मी कर्जदाराने मागितल्यावरच सांगायचे, आता आधी सांगते. यामुळे वसुली वाढली, असं काही झालेलं नाही. साहेब दोनदा बोललेही. आणि दिवस वाईट असला की माझा जुना आवाज अजून येतो. पण आता तो आला की मला ऐकू येतो.

'जेवलात का' हे मात्र मला अजून फोनवर नीट विचारता येत नाही. अण्णांना ते सहज यायचं. मी विचारलं की शिकवलेलं वाटतं. बघू, येईल.

तर त्या ताईंच्या प्रश्नाकडे येते. ताई, हात जोडावेसे वाटत नसतील तर नका जोडू. देव वाट बघेल. तुमच्या घरी त्या दिवशी कडू घास कुणाकडून आला होता, ते आठवा. त्यांच्या घरी एकदा जाऊन या. त्यांचं कोण गेलंय ते विचारा आणि बसा थोडा वेळ. उपदेश करू नका, स्वतःचं लगेच सांगू नका. आणि कुणाचं काही तुम्ही मनातून सोडून दिलं असेल, पैसा असो की कधीकाळी लागलेला शब्द असो, तर ते त्या माणसाला कळू द्या. फक्त माझ्यासारखं चार माणसांसमोर दारात उभं राहून नको.

अण्णांचा तो मंगळवारचा फोन माझ्याकडे उधार राहिला आहे. तो काही फिटायचा नाही. त्यासाठी टिंब देणारं आता कुणी नाही, आणि ते ठीक आहे. मी ते ओझं घेऊनच फिरते, त्यामुळे निदान दुसऱ्याचा फोन उचलला जातो.

मागच्या आठवड्यात दादाशी बोलले. त्याच्या निम्म्यातले बरेचसे पैसे आले, पुतणीची फी भरली गेली. टिंब असलेल्या ओळी त्यानेही मागितल्या नाहीत. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, वहिनीने सांगितलं. वेशीजवळच्या आजींचे सहाशे चाळीस कधीच फिटले. तरी त्या दर बाजाराला येतात, पायरीवर बसतात, पाव किलो गूळ घेतात आणि आईशी गप्पा मारून दुकानासमोरच्या रस्त्याने घरी जातात.

आज इथेच थांबते. पुढच्या भागात भेटू. रामकृष्ण हरी.